सल्ला एकाचा, दुबार पेरणी दुसऱ्याची

जूनमध्ये मराठवाड्यात किंवा विदर्भात पहिला दमदार पाऊस पडून गेला आणि जमिनीला वापसा आला, की कोरडवाहू शेतकऱ्यापुढे एकच प्रश्न असतो: आज पेरायचे की थांबायचे? वर्षभराचा हिशेब या एका निर्णयावर उभा राहतो. सोयाबीनची तीस किलोची पिशवी साधारण एकराला लागते. खत पेरणीबरोबरच द्यावे लागते, ट्रॅक्टरचे किंवा बैलजोडीचे भाडे लगेच चुकते करायचे असते, आणि हा पैसा बहुतेक वेळा पीककर्जाचा नाहीतर कृषी सेवा केंद्राच्या उधारीचा असतो. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवस पावसाने डोळे वटारले की उगवलेले कोंब करपतात आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. थांबावे, तर ओल उडून जाते. मूग-उडदाची वेळ टळते, आणि जुलैचा मध्य उलटला की सोयाबीनचाही उतारा घटत जातो. कृषी विभाग दरवर्षी बजावतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. सल्ला शहाणपणाचा आहे, पण तो पडून गेलेल्या पावसाबद्दल आहे. शेतकऱ्याला विचारायचे असते ते पुढच्या पावसाबद्दल.

या प्रश्नाचे उत्तर सांगणाऱ्यांची महाराष्ट्रात कधीच वानवा नव्हती. पंचांगकर्ते झाले, अक्षय्य तृतीयेला घट मांडणारे झाले, इंग्रजांनी उभे केलेले हवामान खाते झाले, आकाशवाणीवरून बोलणारे कृषितज्ज्ञ झाले, २००४ पासून किसान कॉल सेंटर आले, व्हॉट्सॲपवर अंदाज धाडणारे आले, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची पाळी आहे. राज्य मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ रोजी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. शेतकऱ्याला सल्ला देणारी विद्वान यंत्रणा जणू पहिल्यांदाच अवतरते आहे, अशा सुरात या धोरणाची चर्चा होते. मागे वळून पाहिले तर चित्र निराळे दिसते. गेल्या दीडशे वर्षांत शेतीच्या सल्ल्यात जी प्रगती झाली, ती सगळी अंदाज सुधारण्याच्या बाजूने झाली. अंदाज हुकला तर तोटा कोणी सोसायचा, या बाजूला कोरडवाहू शेतकऱ्यासाठी फारसे काही हलले नाही. पंचांग चुकले तरी पंचांगकर्त्याचे काही बिघडले नाही, खात्याचा अंदाज चुकला तरी खात्याचे बिघडले नाही. शेतकऱ्याच्या ज्या अविश्वासाला आपण सहज अडाणीपणा म्हणून मोकळे होतो, त्याचे मूळ इथे आहे असे मला वाटते. एआयने अंदाज कितीही नेमका केला आणि ही बाजू तशीच ठेवली, तर तिची गत आधीच्या सल्लागारांहून वेगळी होणार नाही.

सुरुवात नक्षत्रांपासूनच करायला हवी, कारण आजही गावात पावसाची भाषा नक्षत्रांची आहे. सूर्य मृग नक्षत्रात ७-८ जूनच्या सुमारास जातो आणि मोसमी पाऊसही कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात सरासरीने याच सुमारास पोचतो. मृगात पेरणी, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर रब्बी ज्वारी: हे सगळे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरासरीचे वेळापत्रक आहे. त्यात भाकीत नाही, अनुभव आहे, म्हणून ते टिकले. (निरयन गणनेमुळे नक्षत्राची तारीख ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणजे शिवकाळातला मृग ऋतूच्या हिशेबाने आजच्यापेक्षा चार-पाच दिवस आधी लागत असे. पावसाची लहर याहून कितीतरी मोठी, त्यामुळे हे कुणाला जाणवले नाही.) पंचांगातला दुसरा भाग मात्र भाकिताचा आहे. प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला एक वाहन असते. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येला नऊने भागायचे, आणि बाकीवरून हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस की गाढव ते ठरवायचे. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला, कोल्हा किंवा गाढव आले की बेताचा. गणितात चूक नसते. पण हे गणित धो-धो पावसाच्या आंबोलीला आणि दुष्काळी आटपाडीला एकच वाहन देते, आणि मागच्या वीस वर्षांत किती वाहने खरी ठरली याची वही कुणी ठेवलेली नसते.

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी हे याहून बारकाईने पाहण्यासारखे उदाहरण आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्याचे वारस घट आखतात. गोलाकार रेषेवर गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, सरकी अशी धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे ठेवतात, ती पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, भजी, वडा, कुरडई, करंजी, पुरी, आणि विड्याच्या पानावर सुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे धान्य कुठे सरकले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून भाकीत सांगतात, आणि ते ऐकायला विदर्भ-खानदेशातून शेतकरी जमलेले असतात. ही प्रथा तीनशेहून अधिक वर्षांची असल्याचे सांगितले जाते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भाकितांना जाहीर आव्हान दिले आहे आणि ते योग्यच आहे, कारण भिजलेल्या ढेकळाचा सप्टेंबरच्या पावसाशी संबंध असायला काही कारण नाही. तरीही माणसे तिथे का जातात, या प्रश्नाचे उत्तर निव्वळ अंधश्रद्धा एवढेच नाही. भेंडवळला सांगतात ते पीकवार आणि महिनावार सांगतात: ज्वारी मध्यम, कपाशी बरी, जुलैत पाऊस कमी. सरकारी अंदाज सांगतो की देशात पाऊस सरासरीच्या अमुक टक्के होईल. ज्याला कापूस लावू की तूर, एवढेच ठरवायचे आहे, त्याच्या प्रश्नाच्या भाषेत भेंडवळ बोलते आणि वेधशाळा बोलत नाही. वेधशाळेचे ज्ञान खरे असूनही तिला दीर्घकाळ ही भाषा साधली नाही, आणि मोकळी राहिलेली जागा ढेकळांनी भरून काढली.

वेधशाळेची कहाणीही एका चुकीपासून समजून घ्यावी लागते. भारतीय हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. पाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला आणि १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर मान्सूनचा अंदाज ही सरकारची निकड बनली. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि मान्सूनचा संबंध लावून १८८६ पासून नियमित दीर्घ पल्ल्याचे अंदाज द्यायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी १८९९ साठी बऱ्या पावसाचा अंदाज वर्तवला. प्रत्यक्षात पडला तो संवत १९५६ चा, गुजरात-राजस्थानात छप्पनिया म्हणून आजही आठवला जाणारा दुष्काळ. यावर सरकारने काय केले? पुढची काही वर्षे अंदाज सरकारी कचेऱ्यांपुरता गोपनीय ठेवला. चुकीची किंमत माणसांनी आणि गुराढोरांनी मोजली, आणि खात्याने तिच्यातून बोध घेतला तो लोकांपुढे न बोलण्याचा. १९०४ साली सूत्रे हाती घेतलेले गिल्बर्ट वॉकर मुळात गणिती होते. त्यांनी वेगळा रस्ता धरला. जगभरच्या नोंदी गोळा करून त्यांनी एकेका घटकाचा मान्सूनशी असलेला सहसंबंध आकड्यांत मोजला, सगळ्या देशासाठी एकच अंदाज देण्याऐवजी प्रदेश वेगळे केले, आणि अंदाजाला शक्यतेच्या भाषेत आणले. दक्षिणी आंदोलनाचा, म्हणजे पॅसिफिक आणि हिंद महासागरांवरच्या हवेच्या दाबातल्या चढउताराचा, शोध याच खटाटोपातून लागला. कोणत्या जुन्या आकड्यांवरून पुढचे काय सांगता येते, हे कोणताही सिद्धांत आधी गृहीत न धरता आकड्यांतूनच हुडकणे ही वॉकर यांची रीत. आजची एआय मुळाशी हेच करते. फरक आवाक्याचा आहे, आणि तो प्रचंड आहे, पण घराणे तेच.

१९२८ मध्ये खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले आणि १९३२ साली पुण्यातच शेतीच्या हवामानशास्त्राची शाखा उघडली. तिचे प्रमुख एल. ए. रामदास यांनी शेतात थर्मामीटर लावून एक गोष्ट दाखवून दिली, जी ऐकून आधी कुणाचा विश्वास बसेना. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा मातीला चिकटून नसते, ती जमिनीच्या काही इंच वर असते. वीतभर उंचीत हवामान बदलते, हे पुण्याच्या रानात मोजले गेले. पिकासाठी हवामान म्हणजे जिल्ह्याचे हवामान नव्हे, हा धडा इथे नव्वद वर्षांपूर्वी मिळालेला आहे. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू झाली, पुढे विभागवार आणि मग जिल्हावार कृषी सल्ला येऊ लागला. तरी अंदाजाचा गाभा, म्हणजे मान्सून कसा असेल याचे उत्तर, देशापुरता किंवा मोठ्या प्रदेशांपुरताच राहिला.

त्या उत्तरातला मोठा मराठी वाटा वसंत गोवारीकर यांचा. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले सोळा निकषांचे प्रारूप १९८८ पासून वापरात आले. समुद्राचे तापमान, बर्फाचा विस्तार, वरच्या थरातले वारे असे सोळा घटक आणि मागच्या काही दशकांचा पाऊस यांची सांगड घालून ते आकडा काढत असे. ओळीने वर्षामागून वर्षे पाऊस सर्वसाधारण होत गेला, अंदाजही तसाच येत गेला, आणि प्रारूपाचा लौकिक वाढला. २००२ साली अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा. झाला ८१ टक्के. जुलै महिन्यात तर देशभर निम्म्याहून कमी पाऊस पडला. गोवारीकरांच्या कामाला यामुळे उणेपणा येत नाही. पण आकड्यांतून शिकणाऱ्या कोणत्याही यंत्रणेला लागू पडणारी मर्यादा त्या वर्षी सगळ्यांना दिसली. जे वर्ष मागच्या नोंदींत नव्हते, ते ओळखायला ती शिकलेली नसते. घटक जास्त आणि वर्षे कमी असली, की भूतकाळाशी जुळणारे सूत्र सापडणे सोपे असते आणि भविष्यात त्यावर विसंबणे धोक्याचे. आज एआयच्या शेती प्रारूपांबद्दल ‘मागच्या दहा वर्षांवर तपासले, नव्वद टक्के अचूक’ असे कुणी सांगू लागले, तर २००१ पर्यंत सोळा निकषांबद्दलही असेच बोलले जात होते, हे लक्षात ठेवावे.

अंदाज खरा ठरूनही शेतकरी बुडतो, याचे उदाहरण २०१७ चे आहे. त्या वर्षी एप्रिलमधला अंदाज ९६ टक्क्यांचा होता, जूनमध्ये तो ९८ टक्के केला, आणि हंगामअखेर देशात पाऊस झाला ९५ टक्के. शास्त्राच्या कसोटीवर हे उत्तम. पण जूनमधल्या पावसावर पेरणी उरकलेल्या मराठवाड्यात नंतर मोठा खंड पडला आणि जुलैमध्ये बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुड पोलीस ठाण्यात शेतकऱ्यांनी थेट हवामान विभागाविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाचे अंदाज बियाणे आणि कीटकनाशक कंपन्यांच्या फायद्यासाठी दिले गेले, असा त्यांचा आरोप होता. संगनमताची ही गोष्ट मला पटत नाही. शहरी वाचकाने त्या बातमीची गंमत केली, तेही पटत नाही. तक्रारीतला आरोप बाजूला ठेवला तरी तिच्यामागचा प्रश्न शाबूत राहतो: तुमच्या बोलण्यावर आम्ही बी मातीत घातले, ते गेले, आता याचा धनी कोण? या प्रश्नाला उत्तर देईल असे कोणतेही कार्यालय राज्यात नव्हते, म्हणून ती माणसे पोलीस ठाण्यात गेली.

सल्ल्याची दुसरी एक परंपरा याच काळात महाराष्ट्रात आकार घेत होती, आणि एआयचा खरा उपयोग मला तिच्या वाटेवर दिसतो. २००८ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर स्पोडोप्टेरा अळीचा असा हल्ला झाला की पिकांना पाने उरली नाहीत. त्यातून २००९ साली ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प उभा राहिला. नेमलेले सर्वेक्षक ठरावीक शेतांत जाऊन झाडांवरच्या अळ्या मोजणार, आकडे संगणकात भरणार, कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ ते पाहणार, आणि कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीपुढे गेली असेल त्याच भागात फवारणीचा सल्ला जाणार. इथे भविष्यकथन कमीत कमी आहे. आज, या शिवारात काय आहे, एवढेच पाहायचे आहे. २०१७ मध्ये बोंडअळीने कपाशी पोखरली, आणि त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तेव्हा मोजून फवारणे म्हणजे काय, हे सगळ्यांना नव्याने कळले. गुलाबी बोंडअळीसाठी नियम असा आहे की कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले तर उपाय करायचा. पण सापळ्यातले मेलेले, एकमेकांना चिकटलेले पतंग रोज मोजायला कंटाळा येतो आणि मोजणाऱ्याची चूक होते. मुंबईच्या ‘वाधवानी एआय’ या संस्थेने यासाठी मोबाइल ॲप केले. सापळा कागदावर रिकामा करायचा, फोटो काढायचा, ॲप गुलाबी बोंडअळीचे पतंग ओळखून मोजते आणि फवारायचे की नाही ते सांगते. यंत्राला इथे जे जमते ते नेमके माणसाला कंटाळवाणे वाटणारे काम आहे. शिवाय यंत्राने बारा सांगितले तर सापळा उघडून शेतकऱ्याला स्वतः पडताळता येते. सल्ला खरा की खोटा हे सल्ला घेणाऱ्यालाच तपासता येणे, ही गोष्ट नक्षत्राच्या वाहनात नव्हती आणि सोळा निकषांतही नव्हती.

पेरणीच्या प्रश्नावरही एआयने काही करून दाखवले आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१६ साली आंध्रातल्या कुर्नूल जिल्ह्यात देवनकोंडा मंडलातल्या १७५ भुईमूग उत्पादकांना ‘इक्रिसॅट’ या कृषी संशोधन संस्थेने आणि मायक्रोसॉफ्टने तेलुगूत एसएमएस पाठवून कळवले की जूनच्या पहिल्या आठवड्यातली नेहमीची पेरणी यंदा टाळा, महिन्याच्या अखेरीस पेरा. ऐकणाऱ्यांचे उत्पादन सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आल्याचे त्या संस्थांनी सांगितले. एका हंगामाचा आणि एका मंडलाचा हा दाखला, त्यामुळे त्यावर फार भार टाकता येत नाही. २०२५ चा प्रयोग मोठा होता. केंद्रीय कृषी मंत्रालयाने एआय प्रारूपे आणि हवामान विभागाच्या सव्वाशे वर्षांच्या पर्जन्यनोंदी यांवर आधारलेला मान्सूनच्या आगमनाचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना एसएमएसने धाडला, काही ठिकाणी चार आठवडे आधी. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी आला. मुंबईच्या नोंदींत इतका लवकर तो कधी आला नव्हता. महाराष्ट्रात मे महिन्यातच ओढे वाहिले आणि पेरणीची घाई करू नका, असे कृषी विभागाला बजावावे लागले. पुढे मे अखेरीस मान्सून थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत. हा सुमारे वीस दिवसांचा मुक्काम एआयच्या अंदाजाने आधी हेरला होता. मृगाच्या सरासरीवर चालणारे कोणतेही वेळापत्रक अशा वर्षी कामाचे राहत नाही, आणि तापत्या हवामानात अशी वर्षे वाढणार आहेत. म्हणून नवा अंदाज हवाच.

यावर एक आक्षेप येतो: शेतकरी ऐकतो कुठे? अंदाज सुधारला तरी तो शेवटी शेजाऱ्याने चाड्यावर मूठ धरली की आपणही पेरतो. तेलंगणातल्या २५० गावांत झालेल्या पद्धतशीर अभ्यासाने हा समज खोडला आहे. मान्सून लागण्याचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज तिथल्या काही गावांना दिला आणि काहींना दिला नाही. अंदाज शेतकऱ्याच्या अपेक्षेपेक्षा वाईट निघाला तिथे त्याने पेरणीक्षेत्र घटवले, चांगला निघाला तिथे वाढवले. म्हणजे तो ऐकतो, आणि हिशेबाने ऐकतो. त्याच अभ्यासात आणखी काही गावांना अंदाजाऐवजी विमा दिला होता आणि त्या विम्यामुळे शेतकऱ्यांनी शेतीत जास्त गुंतवणूक केली. या दुसऱ्या निष्कर्षाकडे एआयच्या उत्साहात दुर्लक्ष होते. धोका कोणीतरी वाटून घेणार आहे, हे कळणे हीसुद्धा निर्णय बदलणारी माहिती आहे.

दुसरा आक्षेप बारामतीकडे बोट दाखवून घेतला जातो: एआयने शेतात यश दाखवलेच आहे, मग शंका कशाला? तिथल्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने उसात एआयचा प्रयोग केला. मातीतले संवेदक, शेतातले हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे यांवरून पाणी केव्हा, खत किती, रोग कुठे, हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर येते. पाण्याची मोठी बचत आणि उत्पादनात वाढ झाल्याचे सांगितले जाते, आणि तसे होण्यात नवल नाही. पण उसाच्या शेतकऱ्याकडे पाणी आहे, ठिबक आहे, उचल करणारा कारखाना आहे, एफआरपीचा किमान भाव आहे. उद्या पाणी द्या, असे ॲपने सांगितले तर तो कळ दाबून पाणी देतो. द्राक्षबागाईतदाराचेही तसेच. डाऊनी रोगाचा इशारा आला की त्याच दिवशी फवारणीचा ट्रॅक्टर बागेत जातो, म्हणून नाशिक-सांगलीचे बागाईतदार पदरचे पैसे मोजून हवामानाची माहिती घेतात. कोरडवाहू सोयाबीनवाल्याला सातव्या दिवसापासून खंड आहे, हे अचूक कळले तरी पेरलेल्या शेतात तो करणार काय? त्याच्या हातात निर्णय एकदाच असतो, पेरणीच्या दिवशी. राज्यातली बहुतांश शेती कोरडवाहू आहे. एआयचे यश उसात मोजून तिचे श्रेय सोयाबीनच्या नावावर जमा करणे हा चुकीचा हिशेब आहे.

तिसरी गोष्ट नोंदींची. एआय ज्यावर शिकते ती शिदोरी कुणी बांधली? पर्जन्यमापकातले पाणी रोज सकाळी साडेआठला मोजणाऱ्या निरीक्षकांनी, सातबाऱ्यावर पीकपेरा चढवणाऱ्या तलाठ्यांनी, अळ्या मोजणाऱ्या सर्वेक्षकांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली, तेव्हाचे सरकारी उत्पादन-आकडे नजर आणेवारीवर चालत. म्हणजे उभे पीक बांधावरून पाहायचे आणि रुपयात किती आणे ते सांगायचे. त्यापासून आजच्या ई-पीक पाहणीपर्यंत आणि दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांतल्या स्वयंचलित हवामान केंद्रांपर्यंत येताना माणसांचे केवढे कष्ट पडले आहेत! आणि नेमके याच टप्प्यावर, २०२४ मध्ये, देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद झाली. कृषी विज्ञान केंद्रांत बसून जिल्ह्याचा अंदाज वाचणारी आणि त्याचा तालुक्याच्या पिकांसाठी सल्ला करणारी माणसे त्यांत होती. माहिती आपोआप येते, मग माणूस कशाला, असा त्यामागचा विचार. सल्ला चुकला तर ज्याला गाठून जाब विचारता येत होता, असा शेवटचा माणूसही त्यामुळे साखळीतून गेला.

सगळ्यांत वजनदार आक्षेप असा आहे की सल्ल्याला जबाबदारी चिकटवली तर कोणी सल्लाच देणार नाही. शास्त्रज्ञ गप्प बसतील. १८९९ नंतर गोपनीयतेचा आसरा घेणाऱ्या सरकारला हेच वाटले होते. त्या गप्प बसण्याने शेतकऱ्याचे काही भले झाले नाही आणि शास्त्राचेही नाही. वॉकर यांनी चूक मोजायची पद्धत घालून दिली तेव्हा शास्त्र पुढे सरकले. जबाबदारी म्हणजे शास्त्रज्ञाला कोर्टात खेचणे नव्हे. निदान दोन गोष्टी आज करता येण्याजोग्या आहेत. पहिली, सरकारी ॲपवरून किंवा एसएमएसवरून दिलेला पेरणीचा प्रत्येक सल्ला आणि त्यानंतर त्या महसूल मंडळात प्रत्यक्ष पडलेला पाऊस यांची नोंद गावाला पाहता येईल अशी उघड ठेवणे. परभणी तालुक्यात मागच्या पाच खरिपांत हे ॲप कितीदा बरोबर होते, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता आले पाहिजे. देशपातळीच्या अचूकतेचे आकडे तिथे कामाचे नाहीत. दुसरी गोष्ट विम्याची. राज्यातला एक रुपयातला पीकविमा २०२५ च्या खरिपात बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून आलेल्या उत्पादनावरच द्यायचे ठरले. पेरणी फसल्याबद्दल मिळू शकणारी स्वतंत्र भरपाई त्यात गेली. म्हणजे राज्याने एका हाताने पेरणीचा सल्ला देणाऱ्या यंत्रणेला ५०० कोटी दिले आणि त्याच महिन्यांत दुसऱ्या हाताने फसलेल्या पेरणीचे छत्र काढून घेतले.

हे छत्र परत द्यायला नवी यंत्रणा लागत नाही. द्राक्ष, डाळिंब, संत्रा, केळी यांच्यासाठी हवामानाधारित फळपीक विमा राज्यात कित्येक वर्षे चालू आहे. मंडळातल्या हवामान केंद्राने ठरलेल्या मर्यादेपलीकडचा पाऊस, थंडी किंवा वारा नोंदवला की शेतात पंचनामा न करता भरपाई ठरते. सोयाबीनलाही हे लावता येईल. शासनाच्या एआय यंत्रणेने एखाद्या मंडळाला ‘पेरा’ असा सल्ला द्यावा आणि नंतर तिथल्या मापकाने ठरलेल्या दिवसांचा कोरडा खंड दाखवला, तर त्या मुदतीत पेरलेल्या शेतकऱ्याला किमान बियाण्याची किंमत मिळावी. पैसे मापकावरून ठरणार, त्यामुळे शेतात लबाडी करायला वाव कमी. पेरणीची तारीख ई-पीक पाहणीत नोंदवता येईल. मंडळाचा पाऊस आणि एका शिवाराचा पाऊस यांत फरक पडतो, ही अडचण खरी आहे आणि मापकांची संख्या वाढवल्याशिवाय ती सुटणार नाही. फळबागांच्या विम्यातही तिची ओरड आहे. खर्च सरकारला परवडेल की नाही, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळायचे नाही, आणि ते पाहायला सगळे राज्य लागत नाही. मराठवाड्यातले दोन-तीन तालुके आणि ओळीने चार खरीप पुरतील. सल्ला देणाऱ्याला चुकीची झळ पहिल्यांदाच लागल्यावर त्याचे सल्ले किती सावध होतात, आणि ते ऐकून किती शेतकरी थांबतात किंवा पेरतात, हे तेवढ्यात मोजता येईल.